मिग चौकात हवे, तर देखभालीची तरतूदही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ साली या विमानाची पहिली तुकडी याच शहरात उभी राहिली होती. निरोप झाल्यापासून आपल्या गावच्या चौकात किंवा कॉलेजच्या आवारात एखादे मिग उभे राहावे, ही इच्छा बऱ्याच ठिकाणी बोलून दाखवली जाते. ती रास्तच आहे. भारतात बनलेली मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली, त्यामुळे या विमानावर महाराष्ट्राचा हक्क इतरांपेक्षा काकणभर जास्तच. पण विमान आणण्याचा ठराव होतो, क्रेन येते, हार-तुरे होतात आणि त्यानंतर त्याच्याकडे बघायचे कोणी, हे कुठल्याच कागदावर नसते. उद्यान विभाग म्हणतो ते बांधकामकडे आहे, बांधकाम म्हणते ते विद्युतकडे. चार-पाच पावसाळ्यांनी रंगाची सालपटे निघतात, पंखाखालून तपकिरी ओघळ उतरतात आणि मग घाईघाईने एक डबा ऑइल पेंट मारून घेतला जातो. विमान अर्ध्याहून अधिक खराब होते ते या शेवटच्या पायरीवर.

आधी पत्र्याविषयी. विमानाचा पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. ताकद यावी म्हणून त्यात तांबे (ड्युरॅलुमिनमध्ये सुमारे ४ टक्के) किंवा जस्त मिसळलेले असते आणि हाच मिश्रधातू ओलाव्यात लवकर बिघडतो. वरून शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो, तो त्याचे रक्षण करतो. हा थर इतका पातळ असतो की पॉलिश पेपरने जोरात घासले तर निघून जातो. लोखंडी तारेच्या ब्रशने घासले तर दुहेरी नुकसान होते. थर जातो आणि ब्रशचे बारीक लोखंडी कण पत्र्यात रुतून बसतात. पुढच्या पावसात त्या प्रत्येक कणाभोवती एक खड्डा पडतो. घासायचेच असेल तर नायलॉनचा अपघर्षक पॅड वापरावा आणि हात हलका ठेवावा.

बिघाड नेमका कुठे सुरू होतो, हे बघायला भिंग लागत नाही. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंग फुगलेला दिसतो. नखाने टोकरला की खालून पांढरी भुकटी निघते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात ती साठली की पत्रे एकमेकांपासून ढकलले जातात आणि दोन रिव्हेटांच्या मध्ये पत्रा उशीसारखा वर येतो. पंखाच्या जाड भागांत तर धातूच खारी बिस्किटासारखा पदर सुटून उलगडतो. तिथवर गोष्ट गेली की वरून रंग मारण्याला अर्थ नसतो. तो भाग उघडून, सडलेला धातू काढून, नवा तुकडा रिव्हेट करावा लागतो. दुसरी खूण म्हणजे रंगाखाली पसरत जाणाऱ्या केसासारख्या बारीक नागमोडी रेषा. त्या दिसल्या तर रंगाखाली ओलावा आणि क्षार अडकले आहेत, म्हणजे मागच्या वेळी पत्रा नीट न धुताच रंग मारला गेला आहे, असे खुशाल समजावे.

आता पाणी. विमान चाकांवर सपाट उभे असताना आत शिरलेले पाणी बाहेर जावे, म्हणून पोटाखाली ठरावीक ठिकाणी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ही छिद्रे सपाट स्थितीसाठी असतात. चौकातल्या विमानाला मात्र झेप घेतल्याचा आविर्भाव हवा असतो, म्हणून नाक वर करून त्याला खांबावर बसवतात. १५ अंशांनी नाक उचलले तर १२ मीटर लांबीच्या धडात पुढच्या व मागच्या टोकांत सुमारे ३ मीटरचा फरक पडतो. सगळे पाणी शेपटीकडे धावते, प्रत्येक आडव्या चौकटीच्या मागे अडते आणि तिथे निचऱ्याचे छिद्र नसते. त्यात मिगचे नाक म्हणजे मोठे उघडे तोंड. पाऊस समोरून आला की आत शिरतो, सोबत पालापाचोळा, कबुतरांची विष्ठा, साळुंक्यांची घरटी. ओला पाला आणि विष्ठा यांचा लगदा छिद्रांवर बसला की आत महिनोन्‌महिने पाणी साठून राहते. म्हणून विमान उचलण्यापूर्वीच, ज्या कोनात ते बसणार त्या कोनात प्रत्येक कप्प्याचा सर्वांत खालचा बिंदू शोधून तिथे ८ ते १० मिलिमीटरचे छिद्र पाडावे. छिद्राच्या कडा गुळगुळीत करून त्यांना प्रायमर लावावा. पुढचे तोंड आणि मागची धुराची नळी १२ मिलिमीटर भोकांच्या स्टेनलेस जाळीने बंद करावी. जाळी फार मोठी लावली तर चिमण्या आत जातात. तोंड पत्र्याने पूर्ण बुजवू नये, आत हवा खेळती राहायला हवी. निचरा होतो की नाही, याची चाचणी सोपी आहे. मे महिन्याच्या अखेरीस वरच्या झाकणातून १० लिटर पाणी ओतावे आणि खाली बादली लावून मोजावे. ओतलेले जवळजवळ सगळे बाहेर आले तर ठीक. निम्मेच आले तर उरलेले कुठे बसले आहे, ते पाऊस सुरू होण्याआधी शोधावे.

नाक वर करण्याचा दुसरा खर्च वाऱ्याचा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग मुंबई आणि नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, तर पुणे व नाशिकसाठी ३९ मीटर धरला आहे. ४४ मीटरला दाब येतो चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन. मिग-२१ च्या पंखाचे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. नाक वर असलेल्या त्रिकोणी पंखाचा उत्थापन गुणांक (वारा पंखाला किती जोराने उचलतो, हे सांगणारा आकडा) केवळ ०.५ धरला तरी पंख सुमारे १३,००० न्यूटनने, म्हणजे जवळजवळ १.३ टनाने वर ओढला जातो. विमान उडून जाणार नाही, इंजिन काढलेला सांगाडाही त्याहून बराच जड असतो. पण वारा एकसारखा वाहत नाही, तो झटके देतो. दर झटक्याला खांबाचे बोल्ट ताणले जातात, सैल होतात. वर्षानुवर्षे हेच चालले की भेग पडते, आणि ती बहुधा वेल्डिंगच्या काठाला पडते. म्हणून विमानाच्या अंगाला कुठेही वेल्डिंग करू नये. पंख जिथे धडाला जोडला जातो, त्या मूळ मजबूत चौकटींनाच आधार द्यावा. नुसत्या पत्र्याला पट्टा आवळून विमान पेलत नाही.

तोलाचेही गणित पुन्हा मांडावे लागते. मिगचे इंजिन सव्वा टनाच्या आसपास, आणि ते मागच्या अर्ध्या भागात. प्रदर्शनासाठी देताना बहुधा ते काढून घेतलेले असते. इंजिनाबरोबरच आसन, रडार, तोफ अशी जड सामग्रीही कमी-जास्त निघालेली असते. त्यामुळे पुस्तकातला गुरुत्वमध्य इथे लागू पडत नाही. क्रेनचा पट्टा पुस्तकाप्रमाणे बांधला तर विमान नाकावर कोसळू शकते. तीन वजनकाट्यांवर तिन्ही चाके ठेवून प्रत्यक्ष तोल काढणे हाच खात्रीचा मार्ग. वाहतुकीत पंख सुटे करावेच लागतात, कारण ७.१५ मीटर रुंदीचे धूड आपल्या बहुतेक रस्त्यांवरून जात नाही. पंखांचे बोल्ट काढताना प्रत्येकावर चिठ्ठी बांधावी. ते जागचे हलले की परत त्याच भोकात बसतील, याची खात्री नसते.

आधार आणि विमान यांच्यामध्ये काय असावे, यावर निविदेत कधीच ओळ नसते. साधे लोखंड अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकले आणि मध्ये पावसाचे पाणी आले की त्याची विद्युत घटासारखी जोडी जमते आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. मध्ये निओप्रिन किंवा नायलॉनची जाड पट्टी हवी. बोल्ट स्टेनलेस, त्यावर नायलॉनची बाही, खाली नायलॉनचा वायसर आणि सगळ्यावर सीलंट. तांबे तर याहून वाईट. वीजरोधकाची तांब्याची पट्टी विमानाच्या पाठीवरून नेली की तिच्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी तांब्याचे अंश घेऊन खाली येते आणि पत्र्याला भोके पाडते. अर्थिंग हवेच, पण वरची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असावी आणि तांबे खाली, विमानाच्या पाण्याच्या वाटेबाहेर, दोन धातूंच्या खास जोडतुकड्याने सुरू व्हावे. चौथऱ्याचे काँक्रीट पूर्ण मुरल्यावरच विमान आणावे. ओल्या सिमेंटचे शिंतोडे पत्र्यावर उडाले तर डाग कायमचे राहतात. आणि चौथऱ्याभोवती कारंजे कृपा करून नको. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी रोज तुषाराने अंगावर घेणाऱ्या विमानाची अवस्था समुद्रकाठच्या विमानासारखी होते.

समुद्रकाठी काय होते, हे पाहायचे तर गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावरचे नौदलाचे हवाई संग्रहालय बघावे. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी विमाने आहेत, आणि आवारात चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टलेशनही आहे. एअर इंडियाच्या ताफ्यात ‘रानी ऑफ एलोरा’ नावाने उडालेले हे विमान पुढे हवाई दलात आणि मग नौदलात टेहळणीला गेले. असे विमान खाऱ्या हवेत उघड्यावर राखणे म्हणजे न संपणारे काम आहे. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पूर्ण धुणे हे औषध. आतल्या भागात, म्हणजे घाटावर किंवा विदर्भात, वर्षातून दोनदा पुरते. धुताना आम्लविरहित सौम्य साबण घ्यावा. कॉस्टिक, ब्लीचिंग पावडर, फरशी धुण्याचे आम्ल यांतले काहीही नको. पाण्याचा जोराचा फवारा सांध्यांवर, चाकांच्या बेअरिंगवर आणि कॅनपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, रबरी कडेवर मारू नये.

रंगकामाचा क्रम असा. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नये. मळ आणि तेल काढून, ओल्या बारीक पेपरने चमक मोडून त्यावरच पुढचा थर द्यावा. जुन्या रंगाखालचा पिवळट-हिरवा प्रायमर क्रोमेटचा असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगाचा धोका, म्हणून कोरडे घासणे बंद आणि योग्य मास्क सक्तीचा. जिथे पत्रा उघडा पडला असेल तिथे आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरणारा आम्लयुक्त प्रायमर, ८ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याहून जाड नाही. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेनचे दोन हात, मिळून शंभर मायक्रॉनच्या आसपास. तिन्ही थर एकाच कंपनीचे घ्यावेत आणि दोन थरांमधला वेळ डब्यावर लिहिल्याप्रमाणेच ठेवावा. एच प्रायमरमधले आम्ल नीट वाळले नाही तर वरचा इपॉक्सी कच्चा राहतो आणि वर्षाच्या आत चादरीने सुटतो. पेंटर बाजारातला साधा ऑइल पेंट थेट पत्र्यावर मारतात, तो तर धरतच नाही. रंगाचे क्षेत्र ढोबळ हिशेबाने ११० ते १२० चौरस मीटर होते. फवाऱ्यात वाया जाणारा धरून पॉलियुरेथेन ३० लिटर आणि इपॉक्सी १५ लिटर लागेल. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, सकाळचे दव वाळल्यावर. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा इतका तापतो की रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. नाकातला शंकू आणि शेपटीच्या टोकावरचा तुकडा धातूचे नाहीत, रेडिओलहरी आरपार जाव्यात म्हणून ते काचतंतू आणि रेझिनचे असतात. त्यांना एच प्रायमर लावू नये.

कॅनपी अ‍ॅक्रिलिकची असते. थिनर, पेट्रोल किंवा अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव लागला की तिच्यात बारीक भेगांचे जाळे उठते आणि ते पुन्हा जात नाही. सौम्य साबणपाणी आणि स्वच्छ सुती कापड एवढेच पुरे. कोरड्या धुळीवर कापड फिरवू नये.

चाकांवर उभ्या विमानाचे टायर चपटे होतात, उन्हाने तडकतात. त्यामुळे मूळ जॅकिंग पॉइंटखाली (जॅक लावून विमान उचलण्याच्या जागांखाली) स्टँड देऊन वजन टायरवरून काढावे आणि टायर नुसते जमिनीला टेकलेले ठेवावेत. सोव्हिएत विमानांच्या चाकांत मॅग्नेशियमचे ओतीव भाग असतात. अ‍ॅल्युमिनियमच्याही आधी ते जातात, म्हणून तिथला रंग आधी तपासावा.

सुरक्षेबाबत हयगय नको. वैमानिकाचे आसन बाहेर फेकणारी काडतुसे, रॉकेट मोटार, कॅनपी उडवणारी काडतुसे, बाह्य टाक्या सोडणारी काडतुसे, आग विझवण्याच्या बाटल्या, ऑक्सिजनच्या बाटल्या आणि हायड्रॉलिक यंत्रणेतले दाबाखालचे नायट्रोजनचे संचायक, या प्रत्येकाचे निष्क्रिय केल्याचे लेखी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय विमान ताब्यात घेऊ नये. कॉकपिटमध्ये मुलांना बसवायचे असेल तर नक्कीच नाही. दुसऱ्या महायुद्धातली आणि पन्नास-साठच्या दशकांतली विमाने किंवा भंगारातून घेतलेली त्यांची घड्याळे यांच्यात आणखी एक धोका असतो, तो रेडियमच्या रंगाचा. अंधारात काटे चमकत नाहीत म्हणजे रेडियम संपले, असा समज पसरला आहे. चमकणारे रसायन काही वर्षांत मरते, पण रेडियम निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. घड्याळाची काच उघडू नये, किरणमापकाने तपासावे आणि काही आढळले तर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारावे.

सगळीच विमाने चौकात ठेवण्यासारखी नसतात, हेही सांगायला हवे. १९४८ साली आपल्या हवाई दलात आलेले पहिले जेट, व्हॅम्पायर, याच्या धडाचा पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा आहे. ते उघड्यावर ठेवणे म्हणजे कुजायला ठेवणे. कापड चढवलेल्या टायगर मॉथचेही तेच. अशा विमानांना छप्पर हवेच हवे.

खरे तर मिगलाही हवे. खांबावर नाक वर करून बसवलेले विमान लांबून ऐटबाज दिसते, पण जवळून कोणाला काही दिसत नाही आणि धुवायला दर वेळी क्रेन मागवावी लागते, म्हणून कोणी धूतही नाही. त्यापेक्षा २० बाय १२ मीटरची, ६ मीटर उंचीची, बाजूंनी उघडी शेड घालावी, छपराची वळचण चारी बाजूंनी निदान दोन मीटर बाहेर काढावी आणि विमान त्याच्या चाकांवरच ठेवावे. पाऊस आणि ऊन दोन्ही टळतात, वाऱ्याचा प्रश्न पंखापुरता तरी मिटतो आणि मुलांना रिव्हेटसुद्धा मोजता येतात. नाकापुढची, वेग मोजण्यासाठीची लांब नळी मात्र डोळ्यांच्या उंचीवर येते, तिला कठडा हवा.

जवळून पाहिले तरच कुठले मिग, हेही ओळखता येते. ही नळी तोंडाच्या वर मध्यभागी असेल, पंखाखाली शस्त्रे लटकवायचे दोनच हुक असतील आणि कॅनपी पुढच्या बिजागरीवर उघडत असेल तर ते मिग-२१ चा एफएल हा प्रकार. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट डागणारी मिग हीच. एफएलच्या धडात तोफ नसते, लागली तर ती पोटाखालच्या पेटीत लटकवायची. नळी उजवीकडे सरकलेली, पाठ फुगीर आणि पंखाखाली चार हुक असतील तर एम किंवा बिस. क्रमांकाआधी ‘सीयू’ असेल तर ते सुधारलेले बायसन. रंगकामाआधी हे सगळे क्रमांक, बारीक सूचना आणि पट्ट्या मोजपट्टी ठेवून फोटोत घ्याव्यात, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्याव्यात. रंगाऱ्याच्या मर्जीवर सोडले की हवाई दलाच्या तिरंगी वर्तुळातल्या रंगांचा क्रम उलटा होतो आणि क्रमांकाच्या जागी प्रायोजकाचे नाव येते. फ्लेक्सची दोरी बांधायला पंख आणि नळी यांचा वापर करण्याची आपली हौस तर सर्वश्रुत आहे. दसऱ्याला घातलेले झेंडूचे हारही त्याच दिवशी संध्याकाळी काढावेत, ओले हार दिवाळीपर्यंत लोंबत राहतात आणि त्यांच्याखालचा रंग पहिला जातो.

ठरावात लिहावे ते इतकेच. विमानाची जबाबदारी एका ठरावीक विभागाकडे आणि एका नावानिशी अधिकाऱ्याकडे असेल. अंदाजपत्रकात धुणे, तपासणी आणि रंगाची डागडुजी यांसाठी दरवर्षी स्वतंत्र लेखाशीर्ष असेल. मे आणि ऑक्टोबरात तपासणी होऊन त्याची नोंदवही फोटोंसह ठेवली जाईल. रंगाचे कंत्राट रस्त्याचे दुभाजक रंगवणाऱ्या ठेकेदाराला न देता विमानाच्या पत्र्यावर काम केलेल्या माणसाला दिले जाईल. अशी माणसे शोधायला लांब जायला नको. मिगचे पत्रे ज्यांनी रिव्हेट केले, ते निवृत्त कारागीर ओझर आणि नाशिकमध्येच राहतात. तपासणी समितीत त्यांच्यापैकी दोघांना मानधन देऊन घ्यावे.

आपला,
एक विमानप्रेमी वाचक, नाशिक